बाईंचा घोडा

३ मार्च
जिंकले! आम्हा ज्यूंच्या सिनेगॉगच्या मदत समितीत आज पियानो शिकवणाऱ्या बाईंचा विषय निघाला. शिष्य एकेक करून गळाले, घरात खायची भ्रांत. नणंद म्हणाली, "मग पियानो विकू देत ना! लाकूड चावून पोट भरतं का?" सगळे हसले. मी उठलेच. म्हटलं, आपण मदतीला त्सेदाका म्हणतो. त्याचा अर्थ दया नव्हे, न्याय. गरिबाला जे उणं असेल ते पुरवायचं — घोड्यावरून फिरणारा कंगाल झाला, तर घोडासुद्धा! पियानो हा बाईंचा घोडा. तो विकताय कसले, त्याला नाल ठोका!

धर्मगुरू दाढीतल्या दाढीत हसले. "शास्त्राला धरून बोलतेय ही."

ठरलं. शिधा सुरू करायचा, शिवाय पियानोचे सूर लावून द्यायचे. नणंद जाता जाता — "घोड्याला हरभरेही घाला हो, वहिनी!"

५ मार्च
हे बाईंसाठी केलं, की नणंदेची जिरवायला? खरं सांगायचं तर दोन्ही.

९ मार्च
सूर लावणाऱ्या कारागिराला घेऊन गेले. बेल दाबून बोट दुखलं. शेवटी दार ढकललं, उघडंच होतं. बाई खिडकीशी. मला पाहून दचकल्या, मग गोड हसल्या. मी सगळं समजावलं. प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. केवढी नम्रता!

काम झाल्यावर वाजवायला बसल्या. एकाच हाताने. दुसरा तळवा लाकडावर घट्ट टेकवलेला, डोळे मिटलेले. माझे डोळे भरून आले. अभिमान वाटला — इथे कशाला लपवू?

१० मार्च
धर्मगुरू म्हणाले, "आता शिष्य परत आले की बाई आपल्या पायांवर उभ्या राहतील. मदतीची सर्वांत वरची पायरी तीच."
मी मनातल्या मनात त्या पायरीवर जाऊन बसलेसुद्धा!

१२ मार्च
कारागीर रस्त्यात भेटला. "ताई, एक तार सैल राहिली होती म्हणून परत गेलो. नुसती कोकलत होती! आणि बाई म्हणतात, छान लागलाय."
"मग?"
"मग काय? पाठीमागून तीन हाका मारल्या. बाईंना ऐकू येत नाही, ताई."
म्हणजे शिष्य यामुळे गळाले! आणि मी घोड्याला नाल ठोकत बसले. उणं काय आहे, हे त्यांना विचारायचं मात्र राहिलं. शास्त्र तोंडपाठ असून!

१३ मार्च
पाटी आणि खडू घेऊन गेले. मोठ्या अक्षरांत लिहिलं — काय उणं आहे?
बाईंनी खडू घेतला. दोनच अक्षरं लिहिली — कान. मी वाचल्याबरोबर त्यांनीच ती आपल्या पदराने पुसून टाकली.