हॉटेल आर्जेन्टिना, कळंब रस्ता

गुरुवार, १६ मे १९८५

प्रिय फर्डी,

तुझं पत्र जानेवारीत मिळालं आणि उत्तर मे महिन्यात लिहिते आहे, म्हणजे बाय रागावली असं तू धरून चालला असशील. रागावले होतेच. बोटीवर तुझा हात भाजला ते कंपनीच्या माणसाकडून कळलं, तू मुंबईत उतरलास ते तिसऱ्याच कुणाकडून कळलं, आणि तुझं स्वतःचं म्हणून जे पत्र आलं ते चार ओळींचं. तेही डाव्या हाताने लिहिलेलं. माझ्या पहिलीच्या वर्गात असतास तर त्या अक्षराबद्दल मी तुला पाटी पुसून परत लिहायला लावलं असतं. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत, चमचासुद्धा धरवत नाही, विहिरीजवळ ठेवलेली मांस भाजायची लोखंडी जाळी भंगारात दे, माझगावला खोली घेतली आहे, गोदीत रखवालदारी मिळेल, घरी येत नाही. संपलं. बावीस वर्षं बोटीवर रांधलेला माझा धाकटा भाऊ वसईपासून दोन तासांवर येऊन बसतो आणि घरी येत नाही, का, तर गावाने त्याचा हात बघायला नको. मी ते पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि कामाला लागले.

आता ऐक. जाळी भंगारात गेलेली नाही. तुझं हॉटेल निघालं आहे. आपल्या वाडीच्या तोंडाशी, कळंबच्या रस्त्याला लागून, जिथे केळीचे घड उतरवून ठेवायची खोप होती ना, तिथेच. खाली शेण काढून कोबा केला, वर झापांचं छप्पर तसंच ठेवलं, आणि सहा टेबलं मांडली. नाव तू गेल्या सुट्टीत म्हणालास तेच, हॉटेल आर्जेन्टिना. पाटी आगाशीच्या हरेश्वर पेंटरने रंगवली. तुझ्या वहीतलं तिथल्या गुराख्याचं चित्र मी त्याला दिलं होतं. टोपी जमली, मिशा तर फारच जमल्या, पण बिचाऱ्याने जन्मात घोडा पाहिला तो फक्त स्टेशनबाहेरच्या टांग्याचा, म्हणून आपल्या गुराख्याच्या घोड्याच्या डोळ्यांना झापडं आहेत. मी बदलू दिली नाहीत. ताटं वाढणाऱ्या पोरींना घोंगडीचे झगे शिवले होते, तिकडे घालतात तसे, पण मार्चमध्येच त्यांना खाज सुटली आणि त्यांनी सरळ संप केला. मग आयची जुनी लाल चौकड्यांची लुगडी काढली. त्यांची टेबलक्लॉथं झाली आणि उरलेल्या काठांचे कमरपट्टे. येणारे विचारतात, हे कापड तिकडून मागवलं का? मी हो म्हणते.

तुला वाटेल, जिने आयुष्यात स्टेक पाहिला नाही तिने हे केलं कसं. अरे, बावीस वर्षांची तुझी पत्रं आहेत माझ्याकडे. लोकांचे भाऊ बोटीवरून लिहितात ते हवापाण्याचं आणि तब्येतीचं. तू लिहायचास ते काय खाल्लंस आणि ते कसं केलं होतं. मी तेव्हा वैतागायचे, याला दुसरं काही सुचत नाही म्हणून. आता तीच पत्रं चिमट्याला लावून चुलीशेजारी टांगली आहेत, आणि लग्नाघरी रांधणाऱ्या सालोमीला मी ती वाचून दाखवते. तिला अक्षर येत नाही, पण एकदा ऐकलेलं विसरत नाही. खाटकाला आडवा जाड तुकडा म्हणजे काय ते समजेना. त्याला रेड्याचं मांस म्हणजे रस्स्यापुरते लहान तुकडे एवढंच ठाऊक. शेवटी मी त्याच्या ओट्यावर खडूने तुकडा काढून दाखवला, बोटभर जाड, आणि म्हटलं, असा कापलास तर घेईन, नाहीतर राहू दे. छत्तीस वर्षं मास्तरकी केली ती कुठेतरी उपयोगी पडायलाच हवी. मग मऊ व्हावं म्हणून आम्ही शहाण्यांनी ते कच्च्या पपईत रात्रभर ठेवलं. सकाळी त्याची पेज झाली होती. सालोमी म्हणाली, बाय, हे आता दात नसलेल्यांना वाढू या.

पण जमलं. खडं मीठ आपल्याच मिठागरातलं, विस्तव नारळाच्या करवंट्यांचा आणि आंब्याच्या वाळक्या फांद्यांचा. ती तुझी हिरवी चटणी, जिचं नाव उच्चारताना माझी जीभ अडखळते, तिच्यात तिकडचा पाला कुठून आणणार? आम्ही कोथिंबीर, ओली लसणाची पात, ओव्याची दोन पानं घालतो, आणि ताडीचा शिरका. पांढरे कांदे सालीसकट निखाऱ्यात भाजतो. आणि बाजूला बटाट्याऐवजी राजेळी केळ्याच्या चकत्या, वर त्याच केळ्याच्या वाळवलेल्या सुकेळीचा एक तुकडा. तुझ्या आर्जेन्टिनात सुकेळी नसते, हे त्यांचं दुर्दैव.

हरिभाऊंचं सांगायला हवं. आपली त्यांची वाडी एकाच बांधावरची, तेव्हा त्यांना न विचारता तिथे मांस भाजणं मला बरं वाटेना. मी जाऊन स्पष्ट सांगितलं की रेड्याचं असेल, धूर तुमच्या अंगणात येईल, नको असेल तर आत्ताच नाही म्हणा. तिसऱ्या दिवशी ते येऊन म्हणाले, दोन जाळ्या कर, दोन चिमटे कर, मासळी न् भाजी वेगळ्या जाळीवर, मग आमची माणसंही येऊन बसतील. आणि केळी माझ्या वाडीतली घ्यायची. मुहूर्तही त्यांनीच काढला. साडेतीन मुहूर्तांतला पाडवा सोडून दुसरा दिवस बघायचा नाही म्हणाले. मला काय, मी हो म्हटलं. पत्रकं छापली, अर्नाळ्यापर्यंत वाटली. पाडव्याच्या शुभमुहूर्तावर वसईत प्रथमच अस्सल परदेशी स्टेक.

आता इथे मी जे केलं ते हसायचं असेल तर हस. रविवारी मिस्सा संपल्यावर फादर सूचना वाचायला उभे राहिले. आमचं पत्रक वाचता वाचता थांबले, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, रेजिनाबाई, पाडवा शुक्रवारी आहे. उपवासकाळातला शुक्रवार. देवळात आधी कुणी हसेना आणि मग सगळे हसले. ज्या बाईने अर्ध्या गावाला धर्मशिक्षण दिलं, शुक्रवारी मांस खाऊ नये हे पट्टी हातात घेऊन शिकवलं, तिने स्टेकचं हॉटेल उघडायला तोच दिवस धरला होता. पंचांग हरिभाऊंनी पाहिलं, मी फक्त मान डोलावली, आणि घरात भिंतीवर देवळाचं कॅलेंडर टांगलेलं. दिवस बदलावा तर हरिभाऊ ऐकेनात, आणि खरं सांगू, माझंही नाक आडवं आलं. छापलेला दिवस म्हणजे छापलेला दिवस.

मग काय, त्या दिवशी स्टेकच्या हॉटेलात मांसाचा कण नव्हता. अर्नाळ्याहून भल्या पहाटे घोळ मासळी आणवली, हातभर रुंद कापे काढले. आणि सुरणाचे जाड तुकडे चिंचेच्या पाण्यात उकडून, तुझी चटणी चोपडून जाळीवर टाकले. हरिभाऊंच्या घरच्या रुक्मिणीवहिनींनी तोरण बांधलं, हरिभाऊंनी नारळ फोडला, फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं, गुढी आपल्या गुराख्याच्या पाटीशेजारीच उभी होती. मी धरून चालले होते की चार माणसं तोंडदेखली येतील. फर्डी, माणसं मावेनात. मांस नाही म्हटल्यावर हरिभाऊंचं सगळं कूळ आलं, शुक्रवार पाळणारे आपले सगळे आले, आणि एकाच बाकावर बसून सुरण खात होते. हरिभाऊंची म्हातारी आत्या, जी आपल्या दारचं पाणीही पीत नव्हती, तिने दुसऱ्यांदा मागून घेतलं. मला रडू आलं आणि मी ते धुरावर ढकललं. असा अभिमान मला पेन्शनीच्या दिवशी शाळेने हार घातला तेव्हाही वाटला नव्हता.

ईस्टरपासून खरे स्टेक सुरू केले. कळंबच्या कॉटेजांत मुंबईची माणसं शनिवार-रविवारी उतरतात, ती आता जेवायला इकडे येतात. दोन रविवारांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ आले होते, बोटीवर इंजिनीअर होते म्हणे. सावकाश खाल्लं, कांद्याची सालसुद्धा चाटली, आणि म्हणाले, ब्यूनोस आयरिसच्या धक्क्यामागे एक टपरी होती तिथली आठवण आली, तुमचा आचारी कोण? मी काय सांगावं? सालोमी शेजारीच उभी होती. मी म्हटलं, माझा भाऊ. सालोमीने मान डोलावली, कारण ती पत्रं तिनेही ऐकली आहेत. पण त्या गृहस्थांनी विचारलं, भेटता येईल का, आणि मी सांगितलं की तो बाहेरगावी आहे. तेव्हापासून प्रत्येकजण विचारतो आणि मी प्रत्येकाला तेच सांगते. शाळेत खोटं बोलणाऱ्याला मी अंगठे धरून उभं करायचे.

आणि तुझ्यावाचून अडतंही आहे, उगीच तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. मांसात लाल दिसलं की मी ताट परत जाळीकडे पाठवते. काल एका बाईने आतून गुलाबी हवं म्हणून तीनदा सांगितलं, तीनदा मी ते पूर्ण शिजवून दिलं, आणि ती चिडून सुकेळी तेवढी खाऊन गेली. तू एकदा लिहिलं होतंस की तुकडा अंगठ्याने दाबला की आतलं कळतं. मी दाबून दाबून अंगठा भाजून घेतला, मला काही कळत नाही. अंगठा तुझ्या डाव्या हातालाही आहे. चिमटा धरायला सालोमी आहे, मी आहे, पोरी आहेत. काय करायचं ते सांगणारं माणूस नाही.

आता जे सांगायचं ते सांगते, आणि हे मी कुणाजवळ बोललेले नाही. आय गेली त्या वर्षी तू वीस वर्षांचा होतास. तिच्याबरोबर लग्नाघरी कढया उतरवून तुझा हात तयार झाला होता, आणि तू म्हणालास, बाय, मी आगाशीच्या नाक्यावर खाणावळ काढतो. मी म्हटलं, मास्तरीणबाईचा भाऊ नाक्यावर ताटं वाढणार नाही. बोटीचा अर्ज मी आणला, मी भरला, सही तेवढी तुझी. निघायच्या दिवशी सकाळी तू एवढंच विचारलंस, नाही गेलो तर चालणार नाही का? मी म्हटलं, चालणार नाही. मग बावीस वर्षं देवळाच्या पायऱ्यांवर मी लोकांना सांगत राहिले की माझा भाऊ बोटीवर आहे. ज्या तेलाने तुझा हात भाजला ते त्या अर्जापर्यंत माघारी जातं, हे जानेवारीपासून माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. तू इथे मागितलेलं हॉटेल मी बावीस वर्षं उशिरा काढलं आहे. माझी चूक झाली, फर्डी. मला माफ कर.

गावाने हात बघू नये म्हणून तू आला नाहीस, आणि मला तो बघायची हिंमत नव्हती म्हणून मी आले नाही. दाखवायला काहीतरी असल्याशिवाय तुझ्यासमोर उभं राहायला मला तोंड नव्हतं. ते आता आहे, पण खरं म्हणजे जानेवारीतच यायला हवं होतं. सोमवारी हॉटेल बंद असतं. या सोमवारी, वीस तारखेला, मी आणि हरिभाऊ दहाच्या सुमाराला माझगावला पोहोचतो. तुला विचारायला येत नाही, न्यायला येते आहे. जाळीजवळ उभं राहायचं नसेल तर राहू नकोस, नुसता घरी राहा. एका हाताने सामान आवरायला वेळ लागतो, म्हणून हे पत्र चार दिवस आधी टाकते आहे.

तुझीच,
रेजिना बाय