पंपघरामागची जाळी

३ मार्च
आले एकदाची! ताईने फाटकातच मिठी मारली आणि माझ्या हातातली पिशवी हिसकावून घेतली. खोली झकास आहे. दोन खिडक्या, आणि बाहेर पार टेकडीपर्यंत सफरचंदाची झाडं, सगळी फुललेली. आणि डास नाहीत! संध्याकाळी दिवा लावून खिडकी सताड उघडी ठेवली, तरी एक चिलटसुद्धा आत आलं नाही. ताई म्हणाली, ही सगळी तुझ्या भाऊजींची कृपा. भाऊजी बागेत फवारणीचा ट्रॅक्टर चालवतात. ते नुसते हसले, मग बराच वेळ खोकले.

५ मार्च
काम जमलं. शिडीवर चढायचं आणि गळ्यातल्या डबीतला पराग कुंचल्याने फुलाफुलाला लावायचा. आम्ही चाळीस बायका आहोत. हे तर मधमाश्यांचं काम ना, असं मी विचारलं. मुकादम म्हणाला, माश्या कामचुकार निघाल्या, तुम्ही बऱ्या. सगळ्या खिदळल्या. शेजारच्या शिडीवरची म्हातारी, जिला सगळे टोपीवाली आजी म्हणतात, ती तेवढी हसली नाही.

९ मार्च
चार दिवसांपूर्वी ओट्याखाली साखर सांडली होती. मुद्दाम झाडली नाही. अजून एकही मुंगी नाही.
आज पहाटे जाग आली आणि मी कशाची तरी वाट बघत पडून राहिले. उजाडलं, चहा झाला, तेव्हा कुठे लक्षात आलं. पाखरांची. एवढी बाग फुललीय आणि एक पाखरू ओरडत नाही.

१२ मार्च
जेवणाच्या सुट्टीत झाडाखालचा पाचोळा उकरला. कोपरापर्यंत हात गेला. वरची पानं गेल्या वर्षीची, खालची कोण जाणे कधीची. कुजलेलं एकही नाही. त्याखाली राखेसारखी माती. गांडूळ नाही, किडा नाही. आजीने माझा हात धरून बाहेर ओढला. म्हणाली, आधी बेडूक गेले, मग फुलपाखरं, मग चिमण्या. दर वेळी वाटलं, एवढ्याने काय होतंय. मग तिने स्वतःचा हात पुढे केला. थरथरत होता.
ताईचाही थरथरतो. मला वाटलं होतं, दमते बिचारी.

१४ मार्च
सापडल्या! बंद पंपघरामागे काटेरी जाळी आहे, तिथवर ट्रॅक्टर जात नाही. पिवळी रानफुलं, आणि त्यांवर मधमाश्या! अकरा मोजल्या आणि डोळेच भरून आले. आजीला ओढत नेलं. ती तोंडावर हात ठेवून बघत राहिली. म्हणाली, एवढा तुकडा राखला आणि लगतच्या ओळी फवारल्या नाहीत, तर या पुन्हा पसरतील. लगेच मुकादमाला गाठलं. त्याने सगळं नीट ऐकलं. नेमकी जागा विचारून लिहूनही घेतली.

१५ मार्च
भाऊजी म्हणाले, उद्या सकाळी जादा फेरी आहे. पंपघरामागे किडीचा अड्डा सापडलाय म्हणे.
मी दाखवला. मीच.
त्यांच्या हातापाया पडले. मी नाही फवारलं तर दुसरा कोणीतरी फवारेल, म्हणाले. ताईच्या हातातून कप पडला. तिने उचलला नाही.

१६ मार्च, सकाळ
जाळीत बसलेय. पलीकडच्या अंगाला आजी. माणसं आत दिसली तर फवारणार नाहीत, असं तिचं म्हणणं. वही हातात आहे म्हणून लिहितेय. हात रिकामा राहिला तर पळून जाईन.

ट्रॅक्टर. पहिल्या ओळीत शिरला. झाडांच्याही वर पांढरं धुकं.

आजी ओरडतेय. मीही ओरडले. भाऊजींच्या तोंडावर मास्क, समोरची काच पांढरीफटक. त्यांना दिसत नाहीये —

वळला. इकडेच.

डोळे चुरचुरतायत. आजी खोकतेय. नाही, थांबली. आजी? आजीकडे जायला हवं, पण काटे —

माश्या पडायला लागल्या. पानावर. तीन. चार.

ताई! ट्रॅक्टरपुढे धावत येतेय, अनवाणी, दोन्ही हात वर करून — आणि भाऊजी अजून —