गोगलगायीची वीज आणि बिरागो आंटींचं मुसळ

कुमासी, बुधवार

तीर्थस्वरूप ओसाफो मामा,

उजव्या हाताने लिहिलेला नमस्कार. (बाकीचं पत्र डाव्याने आहे, आईला सांगू नका.) गुडघा कसा आहे? माम्पोंगच्या चढावर अजून कुरकुरतो का? मी खुशाल आहे. खुशाल कसली, हवेत तरंगते आहे!

तुम्ही सूपसाठी पाठवलेल्या गोगलगायींपैकी पाच मी प्रयोगशाळेत नेल्या. रागावू नका, त्यांचं सोनं झालं. त्यांच्या मेंदूतल्या जिवंत पेशींना एक रंग पाजायचा, वरून उजेड सोडायचा. पेशीत वीज उसळली की तिची चमक कणभर बदलते आणि कॅमेरा ते टिपतो. ना तार, ना सुई, वीज चक्क डोळ्यांनी बघायची! कॅमेरा अक्राहून उसना आणलाय. शनिवारी दुपारी तिथली मंडळी येणार, आणि खरी वीज दिसली नाही तर तो परत नेणार. म्हणजे माझी पदवीही त्याच गाडीत बसून जाणार. गेल्या आठवड्यात चार सकाळी पडद्यावर नुसती सरळ रेघ. सोमवारी सकाळी सरकारी वीज गेलेली, म्हणून दुपारी बसलो, आणि बाराच्या सुमारास रेघ नाचायला लागली! एका लयीत ठोके, मधेच थोडी विश्रांती, पुन्हा ठोके. प्रोफेसर आन्साह (हे स्वतःच्या लग्नातही हसले नव्हते म्हणतात) टेबलाभोवती नाचले. त्या विश्रांतीवर त्यांनी दोन पानी टिपण लिहिलं, की पेशी विचार करते आहे. मंगळवारी दुपारी पुन्हा तेच. तेवढ्यात केर काढणाऱ्या आब्रेफीबाई पडद्याकडे बघून म्हणाल्या, "अगं पोरी, वीज कसली डोंबलाची? मागे फुफू कुटतायत! आणि थांबतात ते गोळ्याला पाणी लावायला."

खिडकीतून पाहिलं, तर मागच्या खानावळीत फुफूच्या उकडलेल्या कंदांवर मुसळ आपटलं की इकडे रेघ उडायची. जमीन हादरत होती, टेबल हादरत होतं, बिचारी पेशीही हादरत होती. प्रोफेसरांनी टिपणाची घडी करून ते खिशात घातलं.

पण मामा, आज सकाळी रंग जरा दाट केला, आणि कुटणं सुरू व्हायच्या आत आली! बारीकशी, बेताल, पण खरी वीज! मी चक्क रडले. आता घोडं अडलंय ते शनिवारी. शनिवार म्हणजे गावभरच्या मयतांचा दिवस, त्यांना आलेल्या गर्दीसाठी खानावळीत पहाटेपासून कुटतात.

तुमची भाची,
सेरवा

ता.क. खानावळ बिरागो आंटींची आहे. होय, त्याच, ज्यांच्या घरी तुम्ही लग्नाच्या मागणीची बाटली घेऊन जाणार होतात आणि परस्पर माम्पोंगला पसार झालात. दोन तास मुसळ थांबवा म्हणून मी पाया पडले. त्या म्हणाल्या, "तुझ्या मामाला म्हणावं, आधी ये आणि तोंडावर सांग का पळालास. मग बघू मुसळाचं." तेव्हा कृपा करून शुक्रवारची गाडी पकडा. गुडघ्याची सबब चालणार नाही.

ता.क. दुसरा. त्या म्हणतात, तुमची त्यांना काडीचीही आठवण येत नाही. म्हणोत बापड्या. मी खिडकीतून तुमचं नाव घेतलं तेव्हा मुसळ त्यांच्याच हातात होतं आणि आत कॅमेरा चालू होता. अकरा ठोके चुकलेत. रेघेचा कागद सोबत जोडला आहे.