कोऱ्या कॅनव्हासवरची सही

मी, हे मृत्युपत्र लिहून ठेवणार, धंदा चित्रकारी, आज पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. बायकोचं मत वेगळं आहे, पण तिला कुणी विचारलेलं नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. राग आहे, आणि तो स्वकष्टार्जित आहे.

१. राहती जागा आणि बँकेतली शिल्लक बायकोला. या परक्या मुलखात तिने शिवणयंत्रावर घर चालवलं आणि मी कलावंत म्हणून मिरवलो. "उपाशीच मरायचंय तर परदेशी कशाला जातोस, इथेही सोय आहे," असं म्हणून मला निरोप देणाऱ्या थोरल्या भावाने यात नाक खुपसू नये.

२. ईझल, ब्रश, रंग मुलीला. ती माझ्यापेक्षा बरी चित्रं काढते. अट पुढे आहे.

३. गॅलरीवाल्याला काहीही नाही. आपल्या भाषेत बोलला म्हणून मी विरघळलो. हॉटेलांच्या खोल्यांसाठी त्याला नदी, नाव आणि संध्याकाळ लागायची, सोफ्याला शोभेल अशी. मागणी वाढली तशी त्याने कोऱ्या कॅनव्हासवर आधी माझ्या सह्या घेतल्या, करार करून सहीच विकत घेतली, आणि नद्या दुसऱ्यांकडून भरून घेतल्या.

मी अंथरुणाला खिळल्यावर मेला भेटायला आला तो कोऱ्या कॅनव्हासची चळत घेऊन. "दादा, तब्येतीचं काही सांगता येत नाही. एवढ्या सह्या उरकून टाकू." औषधं त्याच्या पैशांची होती. मी केल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन तो मुलीला म्हणाला, "वडिलांचा हात तुझ्यात उतरलाय. हे तू भर. बाजाराला काय कळतंय?"

ती माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, नाही म्हणेन मी. पण शिवून शिवून आईचे डोळे गेले. घर कसं चालायचं?" पुढचं कलम हे माझं उत्तर आहे.

४. उजव्या कोपऱ्यात माझी सही असलेलं एकही चित्र माझं समजू नये. तसं पत्र हे मृत्युपत्र करून देणाऱ्या वकीलबाईंनी प्रत्येक हॉटेलला धाडावं. ती चळत मग गॅलरीवाल्याने खुशाल चुलीत घालावी. माझी चित्रं बिनसहीची, कपाटामागे उभी आहेत. त्यांतलं शिवणयंत्रावर वाकलेल्या बायकोचं चित्र सोडून बाकीची विकावीत.

आता अट. पोरी, पोटासाठी सोफ्याला शोभणारी नदी काढलीस तरी माझी हरकत नाही. खाली नाव मात्र तुझं घाल.

५. माझा मित्र, पूर्वीचा कवी, हल्ली गाद्यांच्या जाहिराती लिहितो. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असं वकीलबाई म्हणतात. म्हणून त्याला फक्त शिव्या. कविता लिही रे, लेका!

वकीलबाई म्हणाल्या, "इथे सही करा."
"ती विकली, बाई. अंगठा घ्या."
"अहो, शिकलेला माणूस अंगठा देतो का कुठे?"

शाईचा पॅड सापडेना. मुलीने स्वतःची पॅलेट पुढे केली.

साक्षीदार : १. खालच्या मजल्यावरचा घड्याळजी. २. गाद्यांचा कवी.
स्थळ : अंथरूण, राहतं घर.
दिनांक : वकीलबाईंच्या शिक्क्याप्रमाणे.
लिहून ठेवणार : (डाव्या अंगठ्याचा ठसा, निळा. हा मी कुणालाही आधी देऊन ठेवलेला नाही.)