हिरव्या फुलाचा कंद आणि मम्मी

३० ऑगस्ट १९९६
सर म्हणजे सर! माझा ऑर्किडचा प्रोजेक्ट बघून म्हणाले, "फुलाबरोबर कंद हवा. नाहीतर घेणार नाही."
कंद! आमच्या जैन घरात! तोही चातुर्मासात! मम्मीनं जन्मात बटाटा खाल्लेला नाही. पप्पा दुकानात पोत्यांनी विकतात, ते चालतं. हे बोलून एकदा मार खाल्लाय.

२ सप्टेंबर
मम्मीला विचारलंच. "एका कंदात अनंत जीव असतात, चेतना. नुसत्या फुलावर पास हो." पप्पा दुकानात पळाले.
प्रोजेक्ट गेला की बी.एस्सी. गेली. मग मावशीनं आणलेलं स्थळ आहेच — कापडाचं दुकान, आणि मुलगा म्हणे फार शांत!

८ सप्टेंबर, रविवार
ऑर्किड शोधायला आहुप्याला जाऊन आले. मम्मीही बरोबर! पहाऱ्याला! घोडेगावहून पहिली एसटी, घाटात दोघींना ओकाऱ्या.
पठारावर कातळ, गुडघाभर गवत, धुकं. हिरव्या गवतात हिरवं फूल शोधायचं! गुरं वळणारा जानकू म्हणाला, "ताई, हितं निस्तं गवात हाय. फूल कुठलं?" मी तर आंधळीच झाले. शेवटी दिसलं मम्मीला. धान्य निवडून नजर तयार झालेली! "हा बघ, हिरवा कोळी!" फूल दिसतंच तसं, पाय पसरलेल्या कोळ्यासारखं.
मग तीच रोपापाशी ठाण मांडून बसली. मी आपली समजावतेय — खाली दोन कंद असतात, जुना सुकत जातो, शेजारच्या नव्यातून पुढच्या वर्षी रोप येतं.
"म्हणजे सासू-सून," मम्मी म्हणाली. उकरू मात्र दिलं नाही. फुलांचा एक तुरा कापू दिला, तोही नवकार मंत्र म्हणून.
निघताना म्हणाली, "तू हो पुढं, मी जप करून येते." आली ती चिखलानं हात भरवून. घसरली म्हणे. मी पोट धरून हसले.

१० सप्टेंबर
पर्युषण लागलं. मम्मीनं आठ दिवसांचा उपवास धरला! नुसतं उकळलेलं पाणी. "कशासाठी?" तर म्हणते, "हाय माझं कायतरी." स्थळ जमावं म्हणूनच असणार. असा राग आलाय!

१४ सप्टेंबर
सर: "तुरा सुंदर. कंद?" अठरा तारीख शेवटची. संपलं.

१७ सप्टेंबर
संवत्सरी. मम्मी सगळ्यांची क्षमा मागत माझ्यापाशी आली. हात जोडले, "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाली आणि लवंगांची डबी हातात ठेवली. आत सुरकुतलेला कंद! मला रडूच कोसळलं.
"सासू काढली गं. सून जागेवर हाय. पाप मला लागू दे, तू पास हो."