तुम्हीच राहा

पुणे,
३ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दत्तूकाका यांस,
मैथिलीचा सा. न. वि. वि.

वाचनालयाच्या वर्धापनदिनाचं व्याख्यान मला दिलंत, फार आनंद झाला. बाबा गेल्यावर तुम्ही आणि काकूनं राजारामपुरीच्या घरात मला वाढवलं, पीएच.डी.पर्यंत आणलं. तुमच्यासमोर बोलायचं, या कल्पनेनंच डोळे भरून येतात.

पण एक अडचण आहे आणि ती फोनवर सांगायचा धीर होईना. एकाच माणसानं देशाच्या सत्तेवर किती काळ राहावं, याची मर्यादा कशी आली यावर माझा प्रबंध आहे. वॉशिंग्टननं तिसऱ्यांदा उभं राहायला नकार दिला आणि लेखी नियम नसतानाही अमेरिकेत ती चाल जवळजवळ दीडशे वर्षं पाळली गेली. रूझवेल्ट चारदा निवडून आले, तेव्हा मात्र दोनदाचीच अट घटनेत लिहावी लागली. मेक्सिकोची गोष्ट तर फारच मासलेवाईक आहे. पोर्फिरिओ डियाझ ‘फेरनिवडणूक नको’ अशी आरोळी ठोकत सत्तेवर आला आणि मधली चार वर्षं सोडली तर तीस वर्षं हलला नाही. शेवटी तीच आरोळी त्याच्यावर उलटली आणि तो परक्या देशात मेला.

काका, तुम्ही चोवीस वर्षं वाचनालयाचे बिनविरोध अध्यक्ष आहात. आधीच्या अध्यक्षांना ‘नव्यांना वाव द्या’ म्हणत तुम्हीच उतरवलं होतंत, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मी डियाझचं नाव घेतलं की सगळ्या माना तुमच्याकडे वळणार. विषय बदलू का? तुमचं मन दुखवून मला काहीच मिळवायचं नाही.

लोभ आहेच, हे वाचूनही तो उणा होऊ देऊ नये, ही विनंती.

तुमची,
मैथिली

---

कोल्हापूर,
९ नोव्हेंबर

चि. मैथिलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकूनं मोठ्यानं वाचून दाखवलं. डियाझपाशी आल्यावर ती थांबली आणि माझ्याकडे बघत बसली. म्हणजे सभागृहाच्या आधी घरातली मान वळली!

विषय बदलायचा नाही. माझ्या तोंडावर गोड बोलावंस म्हणून तुला शिकवलं नाही. उलट तुझं भाषण संपलं की मीच उठून पद सोडत असल्याचं जाहीर करणार आहे. वॉशिंग्टनची चाल आम्हालाही जमते म्हणावं! चिटणीस आकारामला तेवढं सांगून ठेवलंय. येताना स्वेटर आण, इथं थंडी पडलीय.

तुझा,
काका

---

पुणे,
२४ नोव्हेंबर

ती. स्व. काका यांस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले, पण मन लागत नाही. तुम्ही पद सोडतो म्हणालात. आकारामकाका उठले, त्यांनी कार्यकारिणीतल्या स्वप्नालीताईंचं नाव सुचवलं, आणि टाळ्या थांबेचनात. मी मात्र तुमचा चेहरा पाहत होते, तो पार उतरला होता. स्टँडवर सोडायला आलात, पण गाडी सुटायच्या आधीच पाठ फिरवून निघालात. माझ्यामुळे काही बिघडलं का? खरं कळवा.

रागावला असलात तरी लोभ ठेवावा.

मैथिली

---

कोल्हापूर,
१ डिसेंबर

चि. मैथिलीस अनेक आशीर्वाद.

खरंच लिहितो. आकारामला सांगून ठेवलं होतं ते निराळंच होतं. मी सोडतो म्हणायचं, त्यानं उठून ‘तुम्हीच राहा’ असा आग्रह धरायचा, आणि मी नाइलाज झाल्यासारखं करून परत बसायचं. दर निवडणुकीला हेच व्हायचं. यंदा गडी उठला आणि भलतंच बोलला.

दोन दिवस मी त्याचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी तो घरीच आला. म्हणाला की पंत, तेच म्हनायला उठलतो, पर पोरगी एवढं खरं बोलली, तिच्याम्होरं मला खोटं बोलवंना. लोकं कवाधरनं कुजबुजत्यात, पुढच्या साली त्यांनी वडून उतरवलं असतं, त्ये मला बघवलं नसतं की. एवढं बोलून त्यानं मान खाली घातली. मला रडूच कोसळलं.

आधीच्या अध्यक्षांना मी भर सभेत असंच ओढून उतरवलं होतं. त्यानंतर ते मरेपर्यंत वाचनालयाची पायरी चढले नाहीत. माझ्यावर ती वेळ आली नाही, ती आकारामच्या आणि तुझ्या कृपेनं. पोरी, तू माझे आभार मानतेस. यंदा ते मी मानतो.

काल वाचनालयात गेलो. आजवर मी दारात दिसलो की सगळे उठून उभे राहायचे. काल कुणी उठलं नाही. बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं वर न बघता जरा सरकून जागा दिली, आणि हातातल्या पेपरचं अर्धं पान माझ्याकडे केलं.

काकूचे आशीर्वाद. आम्हा दोघांवर अशीच माया असू दे.

तुझा,
काका