घरच्या पायऱ्या

आई,

वाकून नमस्कार, पण सध्या मनातल्या मनात. अपघातातला गुडघा सत्तर अंशांपर्यंत वाकतो. जिना नीट चढायला नव्वद लागतात, असं फिजिओथेरपीच्या बाई म्हणतात.

इथे व्यायामाच्या खोलीत चार लाकडी पायऱ्या आहेत. चढायचं, वळायचं, उतरायचं. पोचायचं कुठेच नाही. बाईंनी विचारलं, "घरी किती पायऱ्या?" मी ठोकून दिलं, "बारा." तीस वर्षं धावत चढलो, कधी मोजल्याच नाहीत. तेवढ्या मोजून कळव. कठडा कुठल्या हाताला आहे, तेही बघ.

तुझी कंबर कशी आहे? धाकट्याने फोनवर सांगितलं, तू माझा पलंग खालच्या खोलीत आणवलास. त्याला सांग, परत वर नेऊन ठेव. सावकाश नेला तरी चालेल.

तुझा,
थोरला